रिकामे ताट परत जाऊ नये : सणाच्या फराळाच्या देवघेवीचा एक अभ्यास

समाजशास्त्राच्या तासाला आमच्या सरांनी एकदा सांगितले होते, की अभ्यासाचा विषय शोधीत दूर जाऊ नका. आपल्या घराच्या उंबरठ्यावरून कोणत्या वस्तू आत येतात आणि कोणत्या बाहेर जातात, एवढेच वर्षभर नीट पाहा. मी पाहू लागलो. दूध, वर्तमानपत्र, विजेचे बिल या गोष्टी नुसत्या आत येतात. केर नुसता बाहेर जातो. परंतु एक वस्तू अशी आढळली, की ती बाहेर जाते, परत येते आणि पुन्हा बाहेर जाते. आणि जाताना वा येताना कधीही रिकामी नसते. ही वस्तू म्हणजे क्रोशाच्या रुमालाने झाकलेले फराळाचे ताट होय.

आमचे घर सावंतवाडीत आहे. लहानपणापासून ही ताटे घरोघर पोचवण्याचे काम माझ्याकडे असल्यामुळे या विषयातील माझा अनुभव दांडगा आहे, असे म्हणावयास हरकत नाही. अर्थात अनुभव म्हणजे अभ्यास नव्हे, हे मी जाणतो. म्हणून प्रस्तुत लेखात तीन प्रश्नांपुरतेच लिहिणार आहे. सणाला नेमके हेच पदार्थ का वाटले जातात? या वाटण्याचे नियम कोणते? आणि ताट एका घरातून दुसऱ्या घरात गेले, म्हणजे ते खरोखर पोचले असे म्हणता येईल काय? यांपैकी तिसरा प्रश्न मला गेल्या वर्षी पडला. पहिले दोन त्याचे उत्तर शोधताना वाटेत भेटले.

१. टिकते ते फिरते

नरकचतुर्दशीला आमच्या भागात 'चावदीस' म्हणतात. पहाटे अभ्यंगस्नान करावयाचे, तुळशीपुढे पायाने कारीट फोडावयाचे आणि मग पोहे खावयाचे. गोडे पोहे, तिखट पोहे, दूधपोहे, ताकातले पोहे असे चार-पाच प्रकार एकाच सकाळी होतात. आपल्या घरचे खाऊन झाले की मित्रांच्या घरी जावयाचे, आणि प्रत्येक घरी निदान दोन घास तरी खावयाचे. दहा वाजेपर्यंत पोट तटतटते. पण 'नको' म्हणण्याची सोय नसते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. पोह्यांचे ताट कोणी कोणाकडे पाठवीत नाही. भिजवलेले पोहे तासाभरात लगदा तरी होतात किंवा सुकून कडक तरी होतात. म्हणून पोह्यांसाठी माणूस जातो. चकली, शंकरपाळे, लाडू, करंजी यांचे तसे नाही. येथे माणसाऐवजी ताट जाते, आणि ते आज गेले काय किंवा चार दिवसांनी गेले काय, बिघडत नाही.

हा फरक पाण्याचा आहे. अन्न नासवणाऱ्या बुरशीला आणि जंतूंना वाढण्यासाठी पाणी लागते. चकली तेलात सोडल्यावर जे बुडबुडे येतात ते तिच्यातील पाण्याची वाफ होय. बुडबुडे थांबत आले, की चकलीतले बहुतेक पाणी निघून गेले असे समजावे. म्हणूनच "बुडबुडे कमी झाल्याशिवाय झारा घालू नको" असे आई बजावते. रव्याच्या लाडवात पाणी असते, परंतु पाकातील साखर ते धरून ठेवते आणि जंतूंच्या उपयोगी पडू देत नाही. करंजीत सुके खोबरे भाजून घालतात ते याच कारणाने. ओल्या नारळाची करंजी चवीला सरस असली तरी दोन-तीन दिवसांपलीकडे नेता येत नाही. पाण्याचा बंदोबस्त झाला, की उरतो तो वारा. तळणातले तेल हवेने खवट होते आणि हवेतला दमटपणा चकलीला मऊ करतो. त्यासाठी घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा.

अनारशाचे उदाहरण याहून बोलके आहे. तांदूळ तीन दिवस भिजत घालावयाचे, रोज पाणी बदलावयाचे, निथळून कुटावयाचे, गूळ किंवा साखर मिसळून पीठ मुरू द्यावयाचे आणि मग खसखशीवर थापून मंद आचेवर तळावयाचे. इतका खटाटोप केवळ घरच्या चार तोंडांसाठी कोण करील? फराळाचे पदार्थ टिकाऊ आहेत म्हणून ते वाटता येतात, हे खरे. पण ते वाटावयाचे असतात म्हणूनच आपल्या बायकांनी ते इतके टिकाऊ करून ठेवले, असेही म्हणता येईल. आज परगावी आणि परदेशी फराळाची पार्सले जातात, ती याच जुन्या शहाणपणाच्या बळावर.

२. भट्टीवरची नानकटाई

आमच्या ताटात तळणाबरोबर भाजणीचाही एक पदार्थ असतो; तो म्हणजे नानकटाई. तिच्या नावातील 'नान' हा शब्द फारसी आहे आणि त्याचा अर्थ भाकरी किंवा रोटी असा होतो. आपल्या चुलीवर खालून आच लागते. नानकटाईला चहूबाजूंनी लागते. म्हणून ती घरी न भाजता बेकरीच्या भट्टीवर नेण्याची पद्धत अनेक गावांत होती. आता घरोघरी विजेचे छोटे ओव्हन आले आहेत. तरी आमच्या घरची नानकटाई अजून बेकरीतच जाते.

कृती सोपी आहे. एक वाटी तूप, एक वाटी पिठीसाखर, दोन वाट्या मैदा, थोडा रवा, चिमूटभर खाण्याचा सोडा आणि वेलदोड्याची पूड. तूप-साखर परातीत घेऊन तळहाताने पांढरी शुभ्र होईपर्यंत फेसावयाची. या फेसण्यात हवा कोंडली जाते, आणि खुसखुशीतपणा मुख्यतः येथेच ठरतो. पाण्याचा थेंबही घालावयाचा नाही. मैद्याला पाणी लागले की तो चिवट होतो. तुपाचे आवरण असले की चिवटपणा धरीत नाही. फेसून फेसून आईचा हात भरून आला, की परात माझ्याकडे येते.

मग डबा घेऊन बेकरीत जावयाचे. सकाळचे पाव निघाल्यावर भट्टी थोडी उतरते, तेव्हा नानकटाईची पाळी येते. कडक आचेला ती वरून करपते आणि आत कच्ची राहते. बेकरीतले चाचा हात आत घालून आच पाहत आणि "आत्ता नाही, दहा मिनिटांनी" असे सांगत. दिवाळीपूर्वीच्या आठवड्यात तेथे आळीतल्या साऱ्या घरांचे पत्रे ओळीने मांडलेले असत. आपला ओळखू यावा म्हणून कोणी नानकटाईवर चारोळी लावी, कोणी बदामाचा काप, तर कोणी नुसते बोटाने दाबून ठेवी. त्या भट्टीत आळीतली सगळी घरे एकाच आचेवर भाजून निघत.

हे येथे विस्ताराने सांगण्याचे कारण असे, की आमची आजी ही नानकटाई आवडीने खाई. ती मुसलमान चाचांच्या भट्टीतून, त्यांच्या हातून आलेली आहे, याबद्दल तिने कधी चकार शब्द काढला नाही. "पीठ आपलांच हा" एवढे तिला पुरेसे होते. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

३. ताटाचे नियम

आईजवळ एक जुनी वही आहे. तिच्यात फराळाची प्रमाणे आहेतच, पण शेवटच्या पानांवर दरवर्षीची घरांची यादी आहे. वर्ष, घर आणि त्यापुढे एक खूण. खूण म्हणजे त्या घरचे ताट आपल्याकडे आले. ही वही चाळून आणि आईला विचारून मी नियम लिहून काढले, ते असे:

पहिला नियम, देवाला दाखवल्याशिवाय ताट बाहेर जात नाही. दुसरा, ताटात निदान एक गोड आणि एक तिखट पदार्थ हवा. तिसरा, मोडकी करंजी आणि फुटका लाडू घरात खावयाचा. ताटात अखंड जावयाचे. चौथा, ज्याच्याकडून ताट आले त्याच्याकडे गेलेच पाहिजे, मग बोलणे बंद असले तरी. पाचवा आणि सर्वांत कडक नियम, कोणाचेही भांडे रिकामे परत करावयाचे नाही. घरात काहीच नसेल तर चिमूटभर साखर ठेवावी.

छापील पाकशास्त्रात हे नियम सापडत नाहीत. मराठीत पाककृतींची पुस्तके लिहिण्याची परंपरा मोठी आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ मध्ये प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' १९१० मध्ये आले. कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० मध्ये आली आणि घरोघरी पोचली. पदार्थ कसा करावा हे ही पुस्तके सांगतात. तो कोणाला द्यावा, हे मात्र आईच्या वहीच्या शेवटच्या पानांवरच असते.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस (१८७२–१९५०) यांचा देणगीवरील प्रसिद्ध निबंध १९२५ मध्ये प्रकाशित झाला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की भेट ही वरवर स्वेच्छेची दिसली तरी तिच्यात तीन बंधने असतात: देण्याचे, घेण्याचे आणि परतफेड करण्याचे. वर्गात हे शिकताना मला आईच्या वहीची आठवण झाली. चौथा आणि पाचवा नियम म्हणजे परतफेडीचे बंधन. देण्याचे बंधन म्हणजे ती यादीच. पण घेण्याच्या बंधनाविषयी वहीत काही नव्हते. घ्यावयाचे ते काय, ताट दारात आले की घेतलेच जाते, अशी माझी समजूत होती.

४. नाताळचे ताट

आमच्या शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब राहते. त्या घरच्या बाईंना सारी आळी 'बाय' म्हणते. दिवाळीला आमचे ताट त्यांच्याकडे जाते आणि नाताळला त्यांचे आमच्याकडे येते. त्यात नेवऱ्या, कुळकुळ, दोदोल आणि केकचा एक तुकडा असतो. गोव्यात अशा नाताळच्या ताटाला 'कोंसुआद' म्हणतात. मंगळूरकडे या पदार्थांना 'कुस्वार' म्हणतात.

हे पदार्थ नीट पाहिले तर परके मुळीच नाहीत. नेवरी म्हणजे करंजीच. गोव्याच्या आणि आमच्या भागातील हिंदू घरांत ती गणपतीला होते आणि ख्रिस्ती घरांत नाताळला. कुळकुळ शंकरपाळ्यांच्या जवळचे. फक्त कणकेची गोळी फणीवर किंवा काट्यावर दाबून वळवतात, म्हणून ते शिंपल्यासारखे दिसतात. दोदोलमध्ये तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि काळा गूळ. तासन्‌तास ढवळून आटवावयाचे. नारळ, तांदूळ, गूळ हे सारे याच मातीतले आहे. केक तेवढा पाहुणा. पण ज्यांच्या घरी ओव्हन नसे ते पातेल्यात वाळू तापवून त्यावर भांडे ठेवीत, किंवा झाकणावर निखारे ठेवीत.

आता जे लिहावयाचे आहे ते लिहिताना संकोच वाटतो. बायचे ताट आजी हसून घेई. ताटात साखर घालून ते परत करी. आणि त्यातला फराळ संध्याकाळी कामाला येणाऱ्या बाईंच्या पदरात घाली. घरात कोणी तो खात नसे. विचारले तर "केकात अंडां असतां" असे उत्तर मिळे. पण आमच्या घरात मासळी शिजते, अंडी आणली जातात. शिवाय नेवरीत अंडे कोठून असणार? मी मात्र विहिरीमागे जाऊन चार कुळकुळ खिशात घालीत असे. ती चोरी आहे असे वाटे. खाण्याची, की बाटण्याची, हे तेव्हा कळत नव्हते. बेकरीतल्या नानकटाईला लागू न होणारा नियम बायच्या नेवरीला लागू होत होता, कारण तेथे पीठ आपले नव्हते.

हे आमच्याच घरचे वैगुण्य असते तर या लेखात त्याला जागा नव्हती. पण महाराष्ट्राच्या प्रबोधनाच्या इतिहासात ही गाठ पुन्हा पुन्हा लागते. १८४९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेत जातिभेद मोडण्याची प्रतिज्ञा घेणाऱ्या सभासदाला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. आज मिसळीबरोबर आपण जो पाव सहज खातो, तो तेव्हा बंडाचे निशाण होता. आणि ती सभाही गुप्त होती. पुढे १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आदी मंडळी जमली असता चहा-बिस्किटे देण्यात आली. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वृत्तपत्रात प्रसिद्ध करवली, आणि पुण्यात मोठे वादळ उठले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ते झाली. त्या प्रसंगी काहींनी चहा घेतला आणि काहींनी पेला नुसता हातात घेऊन खाली ठेवला, असे त्या हकिकतींत येते.

पेला हातात घेऊन खाली ठेवणे! आमच्या आजीने दरवर्षी याहून वेगळे काय केले? तिने ताट घेतले, साखर घालून परत केले, आणि मधले एक पाऊल तेवढे गाळले. मोस ज्याला घेण्याचे बंधन म्हणतात ते हाताने पुरे होत नाही, तोंडाने पुरे होते. आम्ही बायला देत होतो, तिची भांडी भरून पाठवीत होतो, आणि तरीही तिचे काही घेत नव्हतो. नुसते देत राहणारा मनातून वरच्या पायरीवर उभा असतो.

५. गेल्या वर्षी

गेल्या वर्षी आषाढात माझे वडील गेले. अशा घरात वर्षभर सण करीत नाहीत. दिवाळीला कढई चढली नाही, सोऱ्या माळ्यावरून खाली आला नाही. चावदिसाच्या सकाळी पोह्यांना मित्र आले नाहीत आणि मीही कोणाकडे गेलो नाही. पोह्यांना माणूस जावा लागतो, हे मी वर लिहिले आहे. सुतकाच्या छायेतल्या घराला ती सोय नसते. त्या घरापर्यंत फक्त ताट जाऊ शकते.

ताटे आली. परंतु आईची अडचण निराळीच होती. ज्या घरात काही केलेले नाही, त्या घराने भांडे परत कसे करावे? चिमूटभर साखर ठेवण्याचा नियम आहे; पण एकामागून एक प्रत्येक ताटात तीच चिमूट ठेवताना तिचे डोळे भरून येत. वहीत त्या वर्षीच्या यादीपुढे साऱ्या खुणा आहेत आणि यादी मात्र नाही. कारण आमच्याकडून कोणाकडे काही गेलेच नाही.

पहिले ताट बायचे होते, आणि ते नाताळला नव्हे, दिवाळीच्या पहिल्या सकाळी आले. दिवाळीला त्यांच्याकडे काही करण्याचे कारण नव्हते. आदल्या दिवशी त्यांनी आमच्यासाठी म्हणून नेवऱ्या केल्या होत्या. दुःख असलेल्या घरात पदार्थ होत नाहीत आणि शेजाऱ्यांनी ते पोचवावयाचे असतात, ही रीत गोव्याच्या ख्रिस्ती घरांतही आहे. 'कोंसुआद' या पोर्तुगीज शब्दाचे मूळ लॅटिनमधील 'सांत्वन करणे' या अर्थाच्या धातूशी जोडले जाते. हे मला नंतर वाचनात समजले. बायला ते वाचण्याची गरज नव्हती.

त्या ताट ठेवून गेल्या नाहीत. आजीशेजारी पडवीत बसल्या. बराच वेळ कोणीच बोलले नाही. मग बायने रुमाल बाजूला केला आणि एक नेवरी आजीच्या हातावर ठेवली. आजीने ती मोडली. मी दारात उभा होतो. तिने एक तुकडा तोंडात टाकला, चावला, आणि म्हणाली, "खोबरां वायंच जास्ती भाजलंस गो."

घरच्या सुनांना, लेकींना, बहिणींना आजी हेच सांगत आली आहे. परक्याच्या पदार्थाला ती "बरो झाला" म्हणून मोकळी होते. नावे ठेवते ती फक्त आपल्या माणसाच्या पदार्थाला. बाय हसल्या. "पुढच्या वर्साक तुमीच भाजून दिया," म्हणाल्या.

यंदा आमच्याकडे फराळ झाला. नानकटाईचा डबा घेऊन मी बेकरीत जाऊन आलो. आणि नाताळला आठ दिवस असताना आजीने स्वतः बसून, मंद आचेवर, तांबूस होण्याआधीच उतरवून, खोबरे भाजले आणि डब्यात भरून माझ्या हाती बायकडे पाठवले.

समारोप

या लहानशा अभ्यासातून माझ्या हाती आलेले निष्कर्ष असे. फराळ टिकतो म्हणून फिरतो, आणि फिरावयाचा म्हणूनच तो टिकाऊ केला जातो. त्याच्या देवघेवीचे नियम पुस्तकांत नाहीत, बायकांच्या वह्यांत आणि स्मरणात आहेत. ते लिहून ठेवण्याचे काम आमच्यासारख्या विद्यार्थ्यांनी करावे. आणि तिसरी गोष्ट अशी, की वाटून खाणे या शब्दातील 'वाटणे' आपण सणोसणी थाटाने करतो. 'खाणे' मात्र कोणाच्या ताटातले करतो आणि कोणाच्या ताटातले टाळतो, हे तपासून पाहत नाही.

आपल्या महाविद्यालयात निरनिराळ्या घरांतून आलेले विद्यार्थी आहेत. दिवाळी, ईद, नाताळ यांच्या सुट्ट्यांनंतर वर्गात डबे उघडतात. त्या वेळी आपला डबा पुढे करणे फारसे कठीण नसते. दुसऱ्याच्या डब्यातला घास तोंडात घालावा, आणि मीठ कमी असेल तर तसे मोकळेपणाने सांगावे. तोपर्यंत ताट पोचले असे समजू नये.